एका टाकीत मुकादम आणि चकली

९ फेब्रु., रविवार

बाळू आला. बायको मंजू, चार बोचकी आणि मांडीवर झाकणाची बादली. पुण्यापासून सोलापूरपर्यंत बादली मांडीवरच होती म्हणे, मंजूलासुद्धा धरू दिली नाही. आत बॅटरीचा हवापंप गुरगुरत होता. एकतीस वर्षांचा घोडा, कंपनीनं काढून टाकलेला, बिऱ्हाड मोडून थोरल्या भावाच्या दारात उतरतो आणि पहिला प्रश्न काय, तर "अण्णा, टाकीचं पाणी किती डिग्री हाय?"

२६. सांगितलं.

त्याची दोन फुटी काचेची टाकी टेम्पोत तडकली. म्हणजे मासा माझ्या सहा फुटीत जाणार. आणि माझ्या सहा फुटीत मुकादम आहे.

मुकादमाला नऊ वर्षं झाली. एम्परर एंजल, वीतभराहून मोठा, अंगावर निळेपिवळे पट्टे, डोळ्यांवर काळी पट्टी. गिरणीतला मुकादम खात्यातून फिरायचा तसा दिवसभर टाकीभर फेऱ्या मारतो, म्हणून नाव. आजवर पाच मासे मारले त्यानं. टिकली ती फक्त लिंबी, बोटभर पिवळी बुटकी एंजल, तीही दगडाच्या फटीत राहून. बाळूचा मासा मुकादमाच्याच जातीचा, पण पोर. यांच्या पोरांचा रंग वेगळा असतो, काळ्यानिळ्या अंगावर पांढरी वेटोळी. आईनं बादलीत डोकावून लगेच नाव ठेवलं, चकली.

बाळू म्हणाला, "मारंल की तो." मी म्हणालो, माझ्याकडे दे, काही होत नाही, झालं तर जबाबदार मी. सगळ्यांसमोर म्हणालो. रेखानं माझ्याकडे बघितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, तिला माझी वाक्यं पाठ आहेत.

आई: "दोन गडी येका टाकीत कशाला घालतूस रं? येकाला दुसरी टाकी कर की." दुसऱ्या टाकीला जागा कुठली. वरच्या दोन खोल्या आता बाळूच्या.

१० फेब्रु.

चकली फळांच्या प्लास्टिक क्रेटमध्ये, क्रेट टाकीत. एकमेकांना दिसावं, लागू नये. मुकादम सकाळपासून क्रेटवर धडका मारतोय. हा मासा आवाज काढतो, लोकांना खोटं वाटतं. आतून ढप्प असा. काचेला तळहात लावला की हाताला कळतो. कारखान्यात गेलो तरी हातात तो आवाज होताच.

लिंबी दिवसभर बाहेर आली नाही.

१३ फेब्रु.

सोडलं चकलीला. दिवे बंद, टाकीवर चादर. त्याआधी सगळे दगड हलवले, मुकादमाची गुहा मोडली, डावीकडचं उजवीकडे. राहती जागा मोडली की मोठ्यालाही आपण नवखे वाटतो, आणि तो जरा नरमतो. ही अक्कल मला पाच मासे मेल्यावर आली.

एकदाच अंगावर गेला. शेपटीजवळचा एक खवला उडाला. मग थांबला, भोवती एक फेरी मारली आणि निघून गेला. वेटोळी बघितली, पोर आहे हे कळलं. दुसऱ्याच्या अंगावर आपला रंग दिसला तरच याचं डोकं फिरतं. बाळू चादरीत डोकं घालून दोन तास उकिडवा बसला होता. उठला तेव्हा डोळे लाल. 

२ मार्च

सतरा दिवस शांतता. खाऱ्या टाकीवाल्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. "एक टाकी, तीन एंजल, भांडण नाही. सोलापूर." अंगठ्यांचा पाऊस. पुण्याच्या एकानं मात्र, ज्याच्याकडे बारा फुटी टाकी आहे असं तो दर दोन वाक्यांनी सांगतो, लिहिलं की पोर आहे तोवर ठीक, रंग बदलायला लागला की कळवा. उत्तर दिलं नाही. माझ्या टाकीत काय होईल हे पुण्यात बसून कळतं वाटतं.

बाळूला उद्यापासून टॉवेल कारखान्यात घेतोय, माझ्या हाताखाली. मी जॉबर, छत्तीस माग माझ्या अंगावर, एखादा बिघडला की रात्री झोप नाही. शिकेल हळूहळू.

२३ एप्रिल

बाहेर ४३ डिग्री. टाकीचं पाणी गार ठेवणारा चिलर दिवसभर धापा टाकतोय. पाणी काल आलं, पाचव्या दिवशी. आधी प्यायचं भरलं, मग टाकीचं. शेजारची रेखाला म्हणाली, माणसाला न्हाय आन् माशाला पिंपं. रेखा घरात माझ्याशी भांडते, पण बाहेर माझ्या वतीनं भांडून आली.

आज बाळूनं चालत्या मागात हात घातला, तुटलेला धागा धरायला, बरोब्बर आडवा धागा नेणारा धोटा जातो तिथं. मागून कॉलर धरून ओढला आणि एक ठेवून दिली कानाखाली. लोकांनी माग बंद करून बघितलं. हात गेला असता म्हणून मारली, हे मी मालकांना सांगितलं, घरी सांगितलं. ते खरंच आहे. पण मारताना माझ्या डोक्यात त्याच्या हाताचा विचार नव्हता. इथं लिहायला हरकत नाही.

तो गाल धरून उभा राहिला. चौदा वर्षांचा असताना शाळा बुडवली म्हणून मागाच्या चामडी पट्ट्यानं सोलून काढलं होतं मी त्याला. वडील नुकतेच गेलेले, मीच बाप. तेव्हाही असाच उभा होता.

१८ जून

चकलीच्या शेपटीला पिवळा आला. बाळू सगळ्यांना बोलावत सुटला, "मोठा व्हायला लागला, बघा की." मंजूनं फोटो काढले. आईला उचलून आणलं अक्षरशः. मीही खूश होतो, उगाच नाही कशाला म्हणू.

सहा वाजता मुकादमानं पहिला फटका दिला. पोटाखाली. आधी ढप्प, मग फटका.

२१ जून

चकलीच्या डाव्या अंगाची कातडी गेली, आतलं पांढरं मांस दिसतंय. फिल्टरच्या पाइपामागे तोंड वर करून उभी असते. खायला आली की मार. नाही आली की मुकादम तिथं जाऊन मारतो. काल पंखाचा तुकडा तोंडात धरून फिरत होता.

बाळू कामाला आला नाही. टाकीपुढे खुर्ची टाकून बसलाय, हातात लाकडी पट्टी. मुकादम चकलीकडे वळला की हा काचेवर पट्टी आपटतो. मी म्हणालो, काच फुटेल. म्हणाला, "फुटू दे."

२२ जून

आरशाचा इलाज. रेखाचा आरसा उजव्या काचेला बाहेरून चिकटवला. मुकादमाला आरशात त्याच्याएवढा दुसरा दिसेल, राग तिकडे जाईल, चकलीला श्वास घ्यायला मिळेल. लगेच गुण आला. दुपारभर तो आरशातल्याला मारतोय, चकली पोटभर जेवली.

रेखा: "आरसा माशाला दिला, मी काय आता तुमच्या टकलात बघून वेणी घालू?"

२४ जून

आरसा काढला. दोन दिवसांत मुकादमानं तोंड फोडून घेतलं. वरचा ओठ लोंबतोय. प्रत्येक धडकेला पाण्यात बारीक तांबडा धूर. थकून खाली बसायचा आणि पुन्हा उठून धडकायचा. आई टाकीपुढून हलेना. "सोताला मारून घ्यायला लागलंय की रं ते. काड तो आरसा."

काढल्यावर पाचच मिनिटं. मग तसल्या फुटलेल्या तोंडानं चकलीवर. आधी मारत होता त्याच्या दुप्पट.

५ जुलै

बाळू म्हणतो मुकादमाला देऊन टाक. पुण्याचा तो बारा फुटीवाला घेतो म्हणतो. म्हणजे यानं त्याला परस्पर विचारलंसुद्धा. माझा मासा, नऊ वर्षं हातानं भरवलेला, आणि हा परस्पर सौदे करतो.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. "माझं घर" हे शब्द तीन वेळा आले, एवढं लिहितो. मंजू ताट सोडून वर गेली. बाळू खाली मान घालून भाकरी कुस्करत बसला, खाल्ली नाही. शेवटी मीच म्हणालो, टाकीला मधोमध जाळी बसवतो. कोणाला कुठं द्यायला नको. त्यानं मान हलवली.

६ जुलै, रविवार

नवी पेठेतून सीलिंगच्या दिव्याला लावतात ती प्लास्टिकची चौकटीचौकटीची जाळी आणली. दुकानदारानं बांधायला प्लास्टिकचे बंद दिले. रेखा म्हणाली, तेच लावा की. मी म्हणालो, तीस वर्षं मागावर घालवली, मी प्लास्टिकनं बांधू? सूत पाण्यात फुगतं आणि गाठ आणखी आवळते. सोलापुरातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे हे.

कारखान्यातनं ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्याचं, सूत आणलं, धुतलं, सहा पदरी पीळ घातला. बाळूनं पीळ धरला, मी गाठी मारल्या. पाइपाची चौकट, तिच्यावर जाळी, बावीस गाठी. चार तास लागले. एक वाकडा शब्द नाही. मधे त्यानं विचारलं, ही गाठ अप्पांनी शिकवली का तुला? हो म्हणालो, वडिलांचीच गाठ ती. "मला कोण शिकवणार मग?" म्हणाला आणि हसला. शिकवली. त्याची पहिली गाठ मुंगीएवढी बारीक आणि घट्ट झाली होती, चांगली.

जाळी बसली. डावीकडे मुकादम, उजवीकडे चकली, लिंबी एवढीशी, ती चौकटीतून हवी तिकडे जाते.

३ ऑगस्ट

सगळं ठीक. पाणी बदललं. खारेपणा १.०२५, बरोबर. चकलीची जखम भरली, वेटोळी आडवी ताणली जाऊन पट्टे व्हायला लागलेत. जाळीच्या दोन्ही बाजूंनी दोघं समोरासमोर फिरतात, मुकादम फुगून दाखवतो, संपलं.

सुताच्या गाठींवर हिरवं शेवाळ धरलंय. दोघंही चरतात ते, हा या बाजूनं, तो त्या बाजूनं. बाळूला बोलावून दाखवलं. आयतं कुरण झालं दोघांना. ग्रुपवर फोटो टाकला, खूप जणांनी विचारलं सूत कुठलं.

७ सप्टें.

मंजू म्हणाली, "अण्णा, ती खालची गाठ सैल झाल्यासारखी दिसती मला." मी म्हणालो, तीस वर्षांत माझी सुटलेली एक गाठ दाखव, मग बोल.  बघतो पुढच्या रविवारी.

१६ सप्टें.

रविवारी बघितलं नव्हतं. मालकांनी दोन माग उतरवायला बोलावलं होतं.

आज साडेसहाला घरी आलो तर रस्त्यापासून आईचा आवाज. "मारतंय रं, मारतंय." रेखा आणि मंजू बाजारात. आई टाकीच्या काचेवर काठी आपटत उभी. जाळी खालून सुटून तिरकी पडलेली. चकलीला वाळूत दाबून मुकादम तिच्यावर चढला होता. ढप्प, ढप्प, ढप्प. वाळू उडून पाणी गढूळ, त्यात खवले फिरत होते अभ्रकासारखे. चकलीला शेपटी नव्हती. उजवा डोळा पांढरा. पंखांच्या नुसत्या काड्या उरलेल्या, आणि तरी ती तोंड उघडून त्याला चावायला बघत होती. एकदा चावलीसुद्धा, त्याच्या फुटलेल्या ओठालाच.

शर्टासकट खांद्यापर्यंत हात घातला. मुकादम माझ्या हातावर आला. यांच्या गालाला मागं वळलेला काटा असतो, तो तळहातात आरपार म्हणावा इतका घुसला. मी त्याला मुठीनं मारलं. पाण्यात मुठीला जोर नसतो, पण मारलं, दोनदा, तिसऱ्यांदा दगडावर लागून बोटाचं साल गेलं. नऊ वर्षांत त्याच्यावर हात उचलला नव्हता.

चकली ओंजळीत घेऊन निळ्या ड्रमात टाकली, पंप लावला. आडवी पडून श्वास घेतेय. बाळू साडेसातला आला. ड्रमात बघितलं आणि वर गेला.

१७ सप्टें.

सकाळी बाळू खाली आला. मी चहा पीत होतो. म्हणाला, "तू मुद्दाम केलंस."

मी कप खाली ठेवला. म्हणालो, पुन्हा बोल.

"मुद्दाम केलंस. तुला तो मोठा झालेला चालत न्हवता."

उजव्या हाताला पट्टी, म्हणून डावा मारला. तोंडावर. मला वाटलं नेहमीसारखा उभा राहील. तो उभा राहिला नाही. त्यानं मूठ घातली, सरळ ओठावर. मी टाकीच्या स्टँडवर पडलो, पाणी हिंदकळलं. उठायच्या आत छातीवर बसला. मी त्याच्या गळ्याला हात घातला, त्यानं माझं मनगट वाकवलं, पट्टीच्या जागीच, मी ओरडलो. रेखा त्याचे केस ओढतेय, मंजू "सोडा, सोडा" करतेय. कप फुटला, कोणाचा तरी पाय त्यावर पडला, फरशीभर रक्त आणि चहा. आई भिंतीला धरून खाली बसली.  तिला बघून त्यानं सोडलं.

पुढचा दात हलतोय. तो माझ्यापेक्षा ताकदीनं जास्त आहे. हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

संध्याकाळी रेखा ओठाला हळद लावताना म्हणाली, "ल्हान होता तोवर चाललं." कोणाबद्दल म्हणाली ते मी विचारलं नाही.

१८ सप्टें.

जाळी बाहेर काढून धुतली. बावीसपैकी नऊ गाठी गेल्या. सुटलेली एकही नाही. कुरतडलेल्या आहेत. शेवाळ खाता खाता दोघांनी सूत खाल्लं, हा या बाजूनं, तो त्या बाजूनं, आणि मी फोटो काढत होतो. मंजू म्हणाली ती खालची गाठ आधी गेली असणार. प्लास्टिकच्या बंदांचं पाकीट अजून कपाटावर आहे, फोडलेलंसुद्धा नाही.

मुद्दाम केलं नाही. पण केलं मीच, आणि मला सांगितलेलं असताना. हे बाळूला सांगायला पाहिजे. जिन्याच्या सहा पायऱ्या चढलो. वर रेडिओ चालू होता. परत आलो.

५ ऑक्टो.

चकली जगतेय. शेपटीची नवी कड फुटली, एक डोळा गेला. बाळूच्या हातून खाते, माझा हात दिसला की ड्रमाच्या तळाशी. वेटोळी जवळपास मिटली, आता ती एम्पररच दिसते. ड्रम लहान पडतो, पाणी दर दिवसाआड खराब. असं फार दिवस चालणार नाही. दोघांतला एक कुठंतरी जायला पाहिजे, मग ती टाकी दुसऱ्याची.

बाळू दुसऱ्या कारखान्यात लागला. बाहेरच्या जिन्यानं येतो-जातो. जुळे सोलापुरात दोन खोल्या बघितल्यात, दिवाळी झाली की जाणार, हे मंजूनं रेखाला सांगितलं, रेखानं मला. आई म्हणते, "मला मंद्रूपला भावाकडं सोड. मला हितं न्हाय ऱ्हायाचं." जेवण निम्म्यावर आलंय तिचं.

मला तो जायला नको आहे. इतकं साधं आहे ते, आणि तोंडातून निघत नाही.

१९ ऑक्टो., रविवार

पुण्याच्या बारा फुटीवाल्याला मीच फोन केला. दोन तारखेला स्वतः येतो म्हणाला. एकच नेईल, दोन नेले तर त्याच्याकडेही हेच होईल.

मग मुकादमाला काढलं. जाळं वापरलं नाही, गालाचा काटा जाळ्यात अडकून तोंड फाटतं. टाकी निम्मी रिकामी केली, दगड काढले, आणि कोपऱ्यात कोंडून हातांनी धरला. लढला. शेपटीनं तोंडावर पाणी मारलं, काटा पुन्हा त्याच तळहातात घातला. पण एकदा छातीशी आल्यावर गप्प झाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा एवढा वेळ हातात होता. जड आहे. ड्रमात सोडला. चकली टाकीत.

बाळूला हाक मारली. आला, लांब उभा राहिला. म्हणालो, मुकादम जाईल, टाकी तुझ्या माशाला. आणि सांगून टाकलं. गाठी चरून तुटल्या. मंजूनं आठवडाभर आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

"माहीत हाय," म्हणाला. "गाठ सैल दिसली त्याच दिवशी तिनं मला सांगितलं होतं."

मग मुद्दाम केलं असं का म्हणालास?

तो टाकीकडे बघत होता. "मला तुला एकदा मारायचं होतं अण्णा. लई वर्सं. कारण मिळत न्हवतं."

 मी फरशीवरचं पाणी पुसायला घेतलं. तोही फडकं घेऊन बसला.

२६ ऑक्टो.

दिवाळी झाली. बाळूची बोचकी बांधून जिन्यात.

चकली आता सहा फुटीत एकटी मोठी. पहिले दोन दिवस कोपऱ्यात होती. तिसऱ्या दिवशी मुकादमाच्या फेऱ्या मारायला लागली, त्याच वळणांनी. चौथ्या दिवशी लिंबीला फटीतून ओढून काढलं. काल संध्याकाळी ढप्प ऐकला आणि मला वाटलं भास. काचेला हात लावला. चकलीच होती. लिंबीचा वरचा पंख फाटलाय, मागच्या बाजूला भोक. नऊ वर्षं मुकादमाच्या टाकीत जगली होती ती.

लिंबीला क्रेटमध्ये ठेवलं. बाळूला दाखवलं.  "शिकला की," एवढंच म्हणाला. त्याचं तोंड उतरलेलं होतं.

मुकादम ड्रमात सहा दिवस जेवला नाही. तळाशी तोंड करून आहे. रंग फिकट पडलाय.

२ नोव्हें., रविवार

अकराला पुण्याचा माणूस आला. बारीक, चष्मा, हातात थर्माकोलची पेटी. ग्रुपवर बोलतो त्यापेक्षा माणूस बरा. ड्रम बघितला, टाकी बघितली, क्रेटमधली लिंबी बघितली. चप्पल काढून पुन्हा टाकी बघितली. मग विचारलं, "कुठला न्यायचा?"

मी म्हणालो मुकादम. त्याच क्षणी बाळू म्हणाला चकली.

माणसानं चष्मा वर केला. मी म्हणालो, मुकादमच, ठरलंय. बाळू म्हणाला, "चकली घेऊन जा. ती आता ऱ्हात न्हाय कुणासंगं. आन् मुकादम ड्रमात मरंल, त्याला टाकी पाहिजे." मी म्हणालो, तुझा मासा मी जगवीन म्हणालो होतो, तो या घरात जगणार. तो म्हणाला, "आमी जातोयच की घरातनं, टाकी कुणाला?" मी म्हणालो, कोण जातंय? असं पहिल्यांदाच म्हणालो. त्यानं जिन्यातल्या बोचक्यांकडे बघितलं. मग पुन्हा, चकलीच. माझा आवाज चढला. त्याचाही. मी म्हणालो, थोरला मी आहे, मी सांगतो ते होईल. तो दोन पावलं पुढं आला.

"आता न्हाय."

रेखा स्वयंपाकघरातून पळत आली, लाटणं हातातच. आईनं भिंतीला हात लावला, पण खाली बसली नाही. आम्ही दोघं हातभर अंतरावर, मुठी आवळलेल्या.

पुण्याचा माणूस हळूच म्हणाला, मला दोनची गाडी आहे. रेखानं त्याला खुर्ची दिली आणि चहा टाकला. तो पेटी मांडीवर घेऊन बसलाय. आत्ता पावणेबारा. आम्ही दोघं अजून उभेच, हे मी उभ्यानंच लिहितोय.